आवड : वाचन, संगीत, प्रवास?

‘स्वतःबद्दल थोडं सांगा’ असं कुणी म्हटलं की आपल्याला काही सुचेनासं होतं. मग ‘आवड : वाचन, संगीत, प्रवास’ एवढं लिहून आपण मोकळे! शाळेतल्या स्लॅम बुकात तेच, लग्नाच्या बायोडेटात तेच आणि इन्स्टाग्रामवरही फारसं वेगळं नाही. एवढ्यावरून पेडण्याचा मुलगा कोण आणि पुण्याचा कोण, ओळखून दाखवा पाहू.

मंडळी, आवड सांगायची तर नेमकी सांगावी. आंबा काय, सगळ्यांनाच आवडतो. पण ‘मानकुराद, तोही बादलीत भिजत घातलेला आणि सुरी न लावता’ असं म्हटलं की माणूस डोळ्यांपुढे येतो. (मानकुराद हे नाव पोर्तुगीज ‘मालकोरादो’वरून आलं, म्हणजे वाईट रंगाचा. ठेवणाऱ्याने तो चाखला नसावा.) माझंच सांगते. मिरची हरमलची. फूल मोगरा, कारण आईचं माहेर शिरगाव आणि लईराईच्या जत्रेला तिथे सगळीकडे मोगऱ्याचाच वास. खाजं मात्र जत्रेतच, पुडी सोडून चालता चालता खायचं. घरी आणून डब्यात भरलं की आल्याचा तो झणका जातो, असं माझं ठाम मत आहे. भाऊ याला हसतो. हसू दे.

पण घरातल्या काही माणसांना हे कधी कुणी विचारतच नाही. आजीला काय आवडतं, असं विचारलं तर नातवंडं पटापट सांगतील : पातोळ्या, खतखतं, मणगणं. अहो, ते ती करते! खायला आवडतं ते आपल्याला.

गेल्या चवथीला माटोळी बांधून झाल्यावर मी आजीला स्लॅम बुकातले प्रश्न विचारले. ती पेडण्याची, १९६२ साली लग्न होऊन डिचोलीत आली.

आवडता पदार्थ?

“दुसऱ्याने केलेला चहा.”

आवडती जागा?

“भगवतीच्या देवळापुढचे दगडी हत्ती. लहानपणी त्यांना हात लावल्याशिवाय मी घरी जात नसे.” गेली कित्येक वर्षं आम्ही तिला घेऊन नातेवाइकांकडे पेडण्याला जातो, पण देवळाकडे गाडी कधी वळवली नव्हती. तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

आवडता रंग? यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “जांभळा. पण साड्या नेहमी तुझे आजोबाच आणायचे.”

तुमच्या घरीही विचारून पाहा आणि उत्तरं आम्हाला जरूर कळवा. फक्त ‘काहीही चालतं गं’ या उत्तरावर थांबू नका, ते सगळ्याच आज्या देतात.

दिवाळीला भावाने आजीसाठी जांभळी साडी आणली. तिने घडी मोडली, पदर उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, “छान आहे रे. पण मला फिका हवा होता.”