विश्लेषण : हिमनदीच्या मृत्यूची गोष्ट पडद्यावर का सांगावी लागते?

आइसलँडमधील ‘ओक्योकुल’ ही हिमनदी मृत झाल्याचे हिमनदीतज्ज्ञ ओड्डुर सिगुर्डसन यांनी २०१४ मध्ये जाहीर केले. तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्या ‘अंत्यविधी’ला मात्र देशाच्या पंतप्रधान हजर होत्या आणि जगभर बातमी झाली. मधल्या काळात आला होता एक माहितीपट.

हिमनदी ‘मरते’ म्हणजे काय?

साचलेला बर्फ स्वत:च्या वजनाने सरकू लागला, की ती हिमनदी. ओक्योकुलचा थर इतका पातळ झाला, की तो सरकेनासा झाला. आइसलँडच्या भाषेत ‘योकुल’ म्हणजे हिमनदी. ती गेली, तसा नावातला ‘योकुल’ही गळला. उरला फक्त ‘ओक’ डोंगर.

माहितीपटाने काय केले?

अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ‘नॉट ओके’ हा माहितीपट केला. डोंगराच्या नावावरचा श्लेष शीर्षकातच आहे. यात खुद्द डोंगर बोलतो. त्याला आवाज दिला रेक्याविकचे माजी महापौर, विनोदी अभिनेते यॉन ग्नार यांनी. पुढे याच दोघांच्या पुढाकाराने डोंगरावर स्मृतिफलक लागला. काय घडते आहे हे आम्हाला माहीत होते. उपाय केले की नाही, ते तुम्हीच जाणाल, असे तो भावी पिढ्यांना सांगतो. हवेतील कर्बवायूचे तेव्हाचे प्रमाणही त्यावर कोरले आहे : दहा लाख भागांत ४१५.

कॅमेराच का?

हिमनदीचे आक्रसणे इतके संथ, की नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही. छायाचित्रकार जेम्स बालोग यांनी २००७ पासून ग्रीनलँड, आइसलँड, अलास्का येथे ठरावीक अंतराने आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे बसवले. वर्षांचा बदल काही सेकंदांत दिसू लागला. त्यावरील ‘चेसिंग आइस’ (२०१२) या माहितीपटात ग्रीनलँडच्या इलुलिसाट हिमनदीचा प्रचंड भाग सुमारे ७५ मिनिटांत तुटून समुद्रात जाताना दिसतो.

भारताचा संबंध काय?

मे २०२५ मध्ये नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातील ‘याला’ हिमनदीसाठीही असेच फलक लागले. १९७०च्या दशकापासून तिचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला आहे. गंगा, सिंधू आणि ब्रह्मपुत्रेच्या पाण्यात हिमालयातील अशाच हिमनद्यांचा वाटा असतो.

चित्रपट बर्फ वाचवू शकत नाही. त्यासाठी कर्बउत्सर्जनच घटवावे लागेल. पण ज्याचे नाव माहीत नाही, त्याच्या जाण्याचे दु:ख होत नाही. ओकची गोष्ट ते नाव लोकांपर्यंत पोहोचवते.