ओसाड दिसणाऱ्या भूमीचा नकाशा

वाळवंट म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे क्षितिजापर्यंत पसरलेली एकसारखी वाळू उभी राहते. शालेय नकाशातही राजस्थानचा पश्चिम भाग एकाच पिवळसर रंगाने दाखविलेला असतो. परंतु जैसलमेर किंवा बाडमेरकडील मेंढपाळाला विचारले, तर तो या भूमीला एका नावाने संबोधणार नाही. वाळूची टेकडी तो 'धोरा' किंवा 'टीबा' म्हणून ओळखतो. खडकाळ माळ त्याच्या लेखी 'मगरा' असतो. मीठ फुटलेल्या सखल जागेस तो 'रण' म्हणतो. कोणत्या जागी कोणते गवत उगवेल आणि पाऊस हुकल्यास कोठे आसरा मिळेल, याचे सारे ज्ञान या नावांत साठविलेले आहे. हेच ज्ञान मोजमापाच्या शिस्तीत बसवून कागदावर उतरविणे, हे मृदा आणि भूरूपे यांच्या सर्वेक्षणाचे कार्य होय.

भारतातील उष्ण शुष्क प्रदेश सुमारे 3.2 लाख चौरस किलोमीटर असून त्याचा तीन-पंचमांशाहून अधिक भाग एकट्या पश्चिम राजस्थानात आहे. अरवलीच्या पायथ्याशी वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस पश्चिमेकडे सरकता सरकता 100 मिलिमीटरपर्यंत खाली येतो. आणि जो पडतो तोही भरवशाचा नसतो. अशा प्रदेशात शेतीपेक्षा पशुधनच माणसाला अधिक काळ तारते. पीक बुडाले तरी गवताची मुळे जिवंत राहतात आणि पुढच्या सरीबरोबर पुन्हा फुटतात. म्हणूनच कोणती जमीन नांगरावी आणि कोणती गवतासाठी राखावी, हा येथे जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर केवळ पर्जन्यमानावरून मिळत नाही. आकाशातून पडणारा पाऊस सर्वत्र सारखा असला, तरी जमिनीच्या वाट्यास येणारे पाणी सारखे नसते. खडकाळ उतारावरून ते वाहून जाते, वाळूच्या मैदानात मुरते आणि सखल जागी साचते. जैसलमेर भागातील पालीवाल ब्राह्मणांनी कित्येक शतकांपूर्वीच हे मर्म ओळखले होते. खडकाळ उतारावरून वाहणारे पाणी बांध घालून सखल शेतात अडवावे आणि ते मुरल्यानंतर त्या ओलीवर हरभरा वा गहू घ्यावा, अशी त्यांची 'खडीन' पद्धती होती. भूरूप आणि मृदा यांचा एकत्र विचार केल्यास अल्प पावसातही धान्य पिकू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मात्र लक्षावधी चौरस किलोमीटर प्रदेशाची पाहणी पावलोपावली खड्डे खणून करता येत नाही. ही अडचण प्रथम ऑस्ट्रेलियात तीव्रतेने जाणवली. त्या देशाच्या उत्तर भागात 1946 साली ख्रिश्चन आणि स्ट्युअर्ट या शास्त्रज्ञांनी एक नवी पद्धत अवलंबिली. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत भूमीची काही विशिष्ट ठेवण पुनःपुन्हा आढळते, असे त्यांच्या ध्यानी आले. ज्या क्षेत्रात उंचसखलपणा, मृदा आणि वनस्पती यांचा एकच आकृतिबंध वारंवार दिसतो, त्या क्षेत्रास त्यांनी 'भूमिप्रणाली' मानले. एका प्रणालीतील निवडक जागा बारकाईने तपासल्या की तिच्या उर्वरित भागाविषयी विश्वासाने अनुमान करता येते. पुढे 1956-57 साली ॲलिस स्प्रिंग्जभोवतीच्या शुष्क चराऊ प्रदेशाची पाहणीही याच मार्गाने झाली.

योगायोग असा, की हेच ख्रिश्चन पुढे युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात आले. जोधपूर येथे 1952 साली वाळवंटात झाडे लावण्याच्या प्रयोगांसाठी एक केंद्र स्थापन झाले होते. 1957 साली त्यास मृदसंधारणाची जोड मिळाली आणि 1959 साली, ख्रिश्चन यांच्या शिफारशीस अनुसरून, त्याचे रूपांतर केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत झाले. या संस्थेच्या सर्वेक्षणांचे वैशिष्ट्य असे, की भूरूपशास्त्रज्ञ, मृदाशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि भूजलतज्ज्ञ यांनी एकाच भूमीचा अभ्यास एकत्रितपणे करावा, ही भूमिका तेथे स्वीकारली गेली.

प्रत्यक्ष काम चालते ते असे. एकाच जागेची किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन हवाई छायाचित्रे स्टिरिओस्कोप नावाच्या उपकरणाखाली ठेवली, की सपाट चित्रातून टेकड्या व घळी उठून दिसू लागतात. 1972 पासून अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची आणि 1988 पासून भारताच्या स्वतःच्या दूरसंवेदन उपग्रहांची चित्रेही या कामी आली. त्यांवरून टेकड्या, पायथ्याचे खडकाळ उतार, जुनी गाळाची मैदाने, वाळूची मैदाने, वालुकागिरी आणि खारी सरोवरे अशा भूरूपांच्या सीमा आखल्या जातात. त्यानंतर प्रत्येक भूरूपावर निवडक ठिकाणी खड्डा खणून मातीचे थर पाहिले जातात. माती ओली करून बोटांत मळली की तिच्यातील वाळू व चिकणमाती यांचे प्रमाण अजमावता येते. रंग तक्त्याशी ताडून नोंदविला जातो. सौम्य आम्लाचा थेंब टाकताच माती फसफसली तर तिच्यात चुना आहे असे समजते. थरच्या वाळवंटात वरची वाळू बाजूला सारली की ठिकठिकाणी कंकराचा कठीण थर लागतो. तो किती खोल आहे, यावर झाडाझुडपांचे भवितव्य अवलंबून असते.

यानंतर वर्गीकरणाची पायरी येते. ते दोन प्रकारचे असते. पहिल्यात मृदेचा स्वभाव व जडणघडण पाहिली जाते. अमेरिकेत 1975 साली प्रसिद्ध झालेल्या आणि भारतानेही स्वीकारलेल्या पद्धतीनुसार वालुकागिरींवरील थर न बनलेल्या मृदा 'एंटिसॉल' गणात पडतात, तर चुना, जिप्सम अथवा क्षार यांचे थर बनलेल्या शुष्क मृदा 'ॲरिडिसॉल' गणात येतात. दुसऱ्या वर्गीकरणात जमिनीची योग्यता पाहून तिचे आठ वर्ग पाडतात. पहिले चार वर्ग नांगरास योग्य. पुढील तीन गवत व वृक्ष यांच्यासाठी. आणि आठवा वन्यजीवांसाठी राखावयाचा. मराठी शेतकरी 'बरड', 'मळई', 'चोपण' असे शब्द वापरतो, तेव्हा तोही स्वभाव आणि योग्यता यांचा असाच मेळ घालीत असतो. देशातील मृदांचे नकाशे तयार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय महाराष्ट्रात, नागपूर येथे, 1976 पासून आहे.

या खटाटोपाचा उपयोग काय, हे कुरणांच्या बाबतीत स्पष्ट होते. समजा, दोन जागी गवत विरळ आहे. एके ठिकाणी मातीचा थर मुळातच वीतभर असून खाली खडक आहे. दुसऱ्या ठिकाणी वाळू खोल आहे. 250 मिलिमीटरहून कमी पावसातही तग धरणारे सेवण गवत तेथे एके काळी दाट होते, परंतु अतिचराईने ते नष्ट झाले. डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच उजाड दिसतात. पहिलीवर खर्च करणे व्यर्थ; दुसरीला काही वर्षे विश्रांती दिल्यास ती पुन्हा बहरू शकते. हा भेद मृदेचा नकाशाच दाखवू शकतो.

नकाशाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, तेही या भूमीने अनुभवले आहे. 1958 साली काम सुरू झालेल्या राजस्थान कालव्याने, म्हणजे पुढच्या इंदिरा गांधी कालव्याने, वाळवंटात हिरवी शेते उभी केली. परंतु लाभक्षेत्राच्या काही भागांत वाळूखाली थोड्याच खोलीवर पाणी न झिरपू देणारे थर होते. तेथे पाणी वर चढले, मीठ पृष्ठभागी आले आणि तहानलेली जमीन पाणथळ होऊन निकामी झाली. दुसरीकडे, हजारो वर्षांपूर्वीच्या आणि गवताने बांधून ठेवलेल्या वालुकागिरींवर ट्रॅक्टर फिरला, तेव्हा स्थिर झालेली वाळू पुन्हा चालू लागली. 1977 साली नैरोबी येथे भरलेल्या वाळवंटीकरणविषयक जागतिक परिषदेसाठी भारताने जोधपूरजवळच्या लुणी विकास गटाचा अभ्यास सादर केला, त्यामागे हीच चिंता होती.

आज या प्रदेशापुढे नवे प्रश्न आहेत. सौरऊर्जेची विस्तीर्ण संकुले उभी राहत आहेत आणि त्यांच्यासाठी 'पडीक' जमीन शोधली जाते. ऊर्जा हवीच, तथापि महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली जमीन प्रत्यक्षात गायरान, देवाच्या नावाने राखलेले ओरण अथवा माळढोकाचे निवासस्थान असू शकते. 'पडीक' हे हिशेबाचे नाव आहे, भूमीचे नव्हे. खडकाळ मगऱ्यावर सौरपट्ट्या उभारणे आणि सेवणाचे खोल वाळूचे मैदान त्यांच्यासाठी साफ करणे, या दोन गोष्टींची किंमत गावाला सारखी पडत नाही.

नकाशा कोणताही निर्णय घेत नाही. परंतु भूमीचे कोणते तुकडे एकमेकांसारखे आहेत आणि कोणते केवळ सारखे दिसतात, हे तो दाखवितो. असा नकाशा कचेरीच्या कपाटात न राहता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, आणि त्यावर शास्त्रीय नावांशेजारी धोरा, मगरा, रण ही नावेही लिहिली गेली, तर मेंढपाळाला त्यात आपलीच भूमी ओळखता येईल, आणि ती कोणी पडीक म्हटल्यास त्याला त्या नकाशावर बोट ठेवता येईल.