तुकडा तपासायला दिलाय

सोलापुरात एखाद्या आजोबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, की बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांना हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "तुकडा तपासायला दिलाय." हा तुकडा म्हणजे लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून, विजेच्या तारेनं खरवडून काढलेले आणि फॉर्मॅलिनच्या बरणीत बुडवलेले काप. पॅथॉलॉजिस्ट त्यांचे पातळ छेद रंगवतो, ग्रंथींची ठेवण पाहतो. कर्करोग निघालाच, तर अमेरिकी डॉक्टर डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६च्या सुमारास घालून दिलेल्या पद्धतीनं त्याची प्रत ठरते. रिपोर्ट हाती पडला की घरच्यांपुरता तुकडा संपला. संशोधकाचं काम तिथून सुरू होतं.

त्याला हवी असतात प्रथिनं. सोलापूरकराला हे चादरीवरून चटकन कळेल. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेली कार्डं नक्षी सांगतात. ऊब देते ती विणलेली चादर. जनुकं म्हणजे कार्डं आणि प्रथिनं म्हणजे कापड. कार्डात भोक चुकलं एवढं कळून भागत नाही, कापड किती बिघडलं ते उलगडूनच पाहावं लागतं.

रक्ताच्या तपासणीतलं 'पीएसए' हे असंच एक प्रथिन. १९७९ साली अमेरिकेत बफेलोच्या संशोधकांनी ते प्रोस्टेटच्या ऊतींतून शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. पण साध्या वाढलेल्या प्रोस्टेटमध्येही ते चढतं, म्हणून दुसऱ्या खुणांचा शोध थांबला नाही. त्यातली एक परळची आहे. तिथल्या प्रजनन संशोधन संस्थेत १९८०च्या सुमारास डॉ. ए. आर. शेठ आणि सहकारी पुरुषांच्या संततिनियमनाला उपयोगी पडेल असं प्रथिन वीर्यात शोधत होते. त्यांना सापडलेल्या प्रथिनाचा उगम निघाला प्रोस्टेटमध्ये. ९४ अमिनो आम्लांच्या या साखळीला पुढे 'पीएसपी-९४' हे नाव रुळलं. कर्करोग बळावतो तसं ते ऊतींतून ओसरतं, असं दिसून आलं. आणि २००८ मध्ये त्याच्या जनुकाजवळच्या एका फरकाचा प्रोस्टेट कर्करोगाच्या धोक्याशी संबंध आढळला. शोधायला गेले एक, हाती लागलं दुसरंच, आणि तेच कामाचं ठरलं.

अशी प्रथिनं एकेक करून न शोधता हजारोंनी मोजता येतात ती मास स्पेक्ट्रोमीटरमुळे. ऊती वाटायच्या, ट्रिप्सिन या विकरानं प्रथिनांचे ठरावीक जागी तुकडे करायचे, त्या तुकड्यांची वजनं यंत्राला मोजायला लावायची आणि मूळ प्रथिन ओळखायचं. नाजूक प्रथिनं न मोडता यंत्रात उडवण्याच्या युक्तीला २००२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

यंत्र कितीही भारी असो, खरी परीक्षा थिएटरातच होते. रक्तवाहिन्या बांधल्या की ऊती गुदमरू लागते आणि काही प्रथिनांवरच्या रासायनिक खुणा मिनिटांत बदलतात. विजेच्या तारेनं कापांच्या कडा करपतात. फॉर्मॅलिन छेद छान टिकवतं, पण प्रथिनांना एकमेकांत जखडून टाकतं. ती सोडवता येतात, तरी ताज्या ऊतीची सर येत नाही. म्हणून तुकडा लगेच उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो. शेजारचा काप पॅथॉलॉजिस्टनं पाहायचा, कारण एकाच प्रोस्टेटमध्ये रोगट आणि निरोगी ग्रंथी शेजारी नांदतात. चुकीचा कोपरा उचलला, तर सगळी मोजदाद निरोगी मांसाची.

मग गावाकडचा तुकडा या मोजदादीत येणार कसा? उत्तराची सुरुवात जिल्ह्यातच झालेली आहे. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्तेच गावोगाव गेले, बैठका घेतल्या, लक्षणं समजावली. एकूण कर्करोगाचं प्रमाण इथं मुंबईपेक्षा बरंच कमी भरलं. प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र असा आकडा जपून वाचायचा. "म्हातारपणी लघवीचा त्रास व्हायचाच" म्हणत गप्प बसलेला माणूस कुठल्याच वहीत येत नाही.

बार्शीनं नाव, गाव, वय टिपायला शिकवलं. तुकडा टिपायला थिएटराच्या दाराशी नायट्रोजनचा एक फ्लास्क लागेल, घड्याळ पाहून वेळ लिहिणारा एक माणूस लागेल आणि एक प्रश्न लागेल : "यातला थोडा संशोधनासाठी ठेवू का?" तो बाकावरच्या मंडळींना नंतर विचारायचा नाही. आजोबांनाच विचारायचा, ऑपरेशनच्या आधी, त्यांना कळेल अशा मराठीत.