वास्तूंचा इतिहास, संशोधन मंडळे आणि आपली मराठी

बालाघाट जिल्ह्यात जुन्या वास्तूंची वाण नाही. लांजीचा किल्ला आहे, हट्ट्याची पायविहीर आहे, शिवाय ठिकठिकाणी जुनी देवळे आणि चौसोपी वाडे आहेत. हिंदीतून त्यांचा अभ्यास करणारी मंडळी जिल्ह्यात आहेत, बालाघाटला पुराणवस्तूंचे संग्रहालयही आहे. त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. प्रश्न वेगळा आहे. या वास्तूंचा जो भाग मराठीत बोलतो, तो ऐकून कोण लिहून ठेवणार? भाषेच्या प्रश्नावरील या अंकात शाळा, पाठ्यपुस्तके, सरकारी पत्रव्यवहार यांची चर्चा होईल, ती व्हायलाच हवी. पण भाषा गेली की तिच्याबरोबर दगड-विटांचा इतिहासही मुका होतो, ही गोष्ट सहसा कोणी मांडत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

वास्तूंचा इतिहास हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. एकाने मोजमाप घ्यावे, दुसऱ्याने शिलालेख वाचावा, तिसऱ्याने दप्तरातला कागद शोधावा आणि चौथ्याने या सगळ्यांच्या चुका दाखवाव्यात, असे हे शास्त्र आहे. त्यामुळे ते जिथे जिथे रुजले, तिथे मंडळाच्या रूपानेच रुजले. अमेरिकेत १९४० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात जमलेल्या मोजक्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी वास्तु-इतिहासकारांची संस्था काढली आणि दुसऱ्याच वर्षी तिचे नियतकालिक सुरू केले. ब्रिटनमध्ये अशी संस्था १९५६ साली निघाली, तिचे नियतकालिक १९५८ पासून. दोन्ही ठिकाणी आरंभ लहान होता, आणि दोन्ही संस्था टिकल्या त्या सभा, अभ्याससहली आणि छापील अंक यांच्या बळावर.

मराठी माणसाने हे तंत्र त्याच्याही आधी ओळखले होते. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पाठीशी संस्थान नाही, सरकार नाही. राजवाडे तर १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापत, गावोगाव पायपीट करीत होते. अशा एकाकी धडपडीला सभासदांची जोड मिळावी, हा मंडळाचा हेतू. मंडळाची रीत साधी होती. सभासदाने आपल्याला सापडलेला कागद, नाणे, मूर्ती किंवा लेख यावर टिपण करावे, ते सभेत वाचावे, इतरांनी शंका काढाव्यात आणि त्यातून जे टिकेल ते छापावे. पाक्षिक सभा, वार्षिक इतिवृत्त, संमेलनवृत्त आणि पुढे त्रैमासिक, असा हा गाडा चालला. दत्तो वामन पोतदारांनी चिटणीस म्हणून त्याची अनेक वर्षे वाहतूक केली. ग. ह. खरे यांच्यासारखा कार्यकर्ता तिथे मूर्ती, शिलालेख आणि फारसी कागद यांच्या अभ्यासात आयुष्यभर रमला. त्यांचे 'मूर्तिविज्ञान' आजही देऊळ पाहायला निघालेल्याच्या उपयोगी पडते.

या मंडळात भांडणे झाली नाहीत असे नाही. खुद्द राजवाडेच मतभेदांमुळे बाहेर पडले. पण मंडळ मोडले नाही. राजवाड्यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले, तेव्हा धुळ्याच्या मंडळींनी त्यांच्या संग्रहाभोवती १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभे केले आणि 'संशोधक' हे त्रैमासिक चालवले. संस्थापक गेल्यावर पडणारी संस्था ही संस्थाच नव्हे. ज्या संस्थेचे सभावृत्त नीट लिहिलेले असते, तिला वारस मिळतो.

यात आपल्या विषयाशी थेट भिडणारी बाब अशी की, राजवाड्यांनी लेखन मराठीतच करण्याचा निश्चय केला होता आणि तो पाळला. इंग्रजीत लिहिले असते तर विलायतेत नाव झाले असते. पण मग तालुक्याचा शिक्षक, गावचा कुलकर्णी, देवळाचा पुजारी या कामात आलाच नसता. ज्याच्या घरात रुमाल बांधून ठेवले आहेत, त्याला समजेल अशा भाषेत मंडळ बोलले, म्हणून ते रुमाल मंडळाकडे आले.

आता आपल्याकडे वळू. कोणी म्हणेल, पुण्याच्या गोष्टी बालाघाटास कशाला? तर तिरोडी घ्या. मँगनीजच्या खाणींसाठी आपण हे गाव ओळखतो. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट याच तिरोडीचा, आणि त्याचे संपादन नागपूरच्या म. म. वा. वि. मिराशी यांनी केले. दुसऱ्या पृथिवीषेणाचे अपुरे राहिलेले पत्रे तर अभ्यासकांत 'बालाघाट ताम्रपट' या नावानेच ओळखले जातात. कीलहॉर्न या जर्मन पंडिताने ते प्रसिद्ध केले. त्यात दानाचा मजकूर नाही, पण वंशावळ आहे. पुढे १९३९ साली वाशीमचा ताम्रपट उजेडात आला आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा निराळी होती हे कळले. त्या आधारे मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेला लेख पुन्हा वाचला आणि पूर्वी चुकलेली राजनावे दुरुस्त केली. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरविलेले हे लेणे कोणत्या राजवंशाच्या कोणत्या शाखेच्या छत्राखाली झाले, हे त्यातून स्पष्ट झाले. एका गावचा पत्रा दुसऱ्या गावच्या लेण्याचा इतिहास सांगतो तो असा. मिराशींचा वाकाटक लेखांचा इंग्रजी संग्रह १९६३ साली निघाला, त्यात आपल्या जिल्ह्याचे हे दोन्ही ताम्रपट आहेत. नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाने आपल्या वार्षिकातून हीच परंपरा मराठीत चालू ठेवली.

हे नागपूर तेव्हा आपल्याला परके नव्हते. १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला आणि तो नागपूर विभागातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. ब्रिटनमध्ये वास्तु-इतिहासाचे मंडळ निघाले त्याच वर्षी आपला नागपूरच्या मंडळींशी असलेला रोजचा राबता कमी होऊ लागला. राजधानी भोपाळला गेली, कागद हिंदीत आले. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यात १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि त्यांचा कारभार मोडी लिपीत, मराठीत चालत असे. तो कागद राज्यांच्या सीमा बदलल्या म्हणून हिंदीत होत नाही.

एक साधे उदाहरण देतो. हट्ट्याच्या वास्तूला आज सर्व जण 'बावडी' म्हणतात. मराठीत तिलाच पायविहीर किंवा बारव म्हणू. उद्या एखादा होतकरू मुलगा मोडी दप्तरात अशा वास्तूच्या खर्चाचा कागद शोधू लागला, आणि त्याला फक्त 'बावडी' हा शब्द ठाऊक असेल, तर 'विहीर' किंवा 'बारव' असे लिहिलेला कागद हाताखालून जाईल आणि त्याला पत्ता लागणार नाही. तीच गोष्ट ओसरी, पडवी, सोपा, माजघर, माळवद, तुळई, कडीपाट, देवळी, कोनाडा, जोते, चिरेबंदी, बुरूज, दिंडी या शब्दांची. वर्गात विचारले तर यातले चार-पाचही मुलांना सांगता येत नाहीत. म्हाताऱ्या गवंड्याला आणि सुताराला येतात. त्यांचा नातू सिमेंटचे काम करतो, त्याला 'लेंटर' आणि 'पिलर' पुरतात. शब्द सुटला की त्या भागाची रीत सुटते, आणि दुरुस्तीच्या वेळी चुन्याच्या जागी सिमेंट थापले जाते.

मराठीचा हा आग्रह हिंदीच्या विरोधात नाही. आपला जिल्हा हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी बोलतो, आणि गोंड राजवटीचा वारसा समजायला गोंडी जाणणारा माणूसही मंडळात हवा. मागणी एवढीच की, मंडळ बोलताना मराठी गाळू नये.

आमच्या समितीपुढे मी ठेवलेली सूचना फार खर्चाची नाही. दहा-पंधरा सभासदांनी महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात जमावे. प्रत्येक सभेत एका वास्तूवर एक टिपण वाचले जावे: गाव, दिशा, फुटांत मोजमाप, बांधकामाचे सामान, घरमालक किंवा पुजारी सांगतो ती हकीकत, आणि प्रत्येक भागाचे स्थानिक नाव मराठीत व हिंदीत. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहावे, पाहिलेले ते पाहिलेले म्हणून. सभावृत्ताच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक शाळेत, एक वाचनालयात. नागपूरहून मोडी जाणणाऱ्यास उन्हाळ्याच्या सुटीत आठ दिवस बोलवावे आणि निदान चार तरुण तयार करावेत. ज्यांच्या घरी जुने रुमाल आहेत त्यांनी ते दान करण्याची गरज नाही. छायाचित्र घेऊ दिले तरी पुरे.

वर्षाला बारा टिपणे म्हणजे दहा वर्षांत एकशेवीस वास्तू होतात. मराठी शाळेसाठी शासनाकडे अर्ज करणे आपण चालू ठेवूच. परंतु वही आणि मोजपट्टी घेऊन शेजारच्या गढीपर्यंत जायला अर्जाची जरुरी नाही. गवंडीकामातले जुने शब्द जाणणारी माणसे अजून गावात आहेत, तोवर हे काम सुरू व्हावे.