आधी गंज, मग रंग: जुनी पिकअप मुलाच्या हाती देताना

किनारपट्टीच्या एका गावातल्या ताईंनी गटाच्या बैठकीत विचारलेला प्रश्न आज घेऊया. त्यांच्या अंगणात छोटा हत्ती तीन पावसाळे उभा आहे. घरधनी होते तोवर ती गाडी आंब्याच्या पेट्या आणि मासळीचे क्रेट घेऊन धावायची. आता मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा कोर्स करतो. तो म्हणतो, गाडी मी नीट करतो आणि भाड्याला लावतो. ताई विचारतात, गाडी गंजली आहे, तर ती दुरुस्त करून मुलाच्या हाती द्यावी की भंगारात काढावी?

ताईंचा प्रश्न आपल्यापैकी अनेकींचा असू शकतो. टाटा एस ही गाडी २००५ साली बाजारात आली आणि लोकांनी तिचं नाव छोटा हत्ती करून टाकलं. तेव्हापासून गावोगावी अशा लहान मालगाड्यांवर घरं चालली. त्यातल्या कितीतरी आता म्हाताऱ्या झाल्यात. गाडी कुठल्याही कंपनीची असो, आज सांगते ते सगळ्यांना लागू आहे.

उत्तर थोडक्यात असं, की गाडी बहुतेक वेळा दुरुस्त होते. पण पैसे काढण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. गंज कुठे आहे, कागद कुणाच्या नावावर आहेत आणि मुलाचं वय काय.

गंज म्हणजे काय

विळी धुऊन तशीच ओली ठेवली तर सकाळी पात्यावर तांबूस डाग दिसतात. लोखंड, पाणी आणि हवा ही तिन्ही एकत्र आली की गंज धरतो. पाणी आणि हवा लोखंडाला लागू दिली नाही तर गंज थांबतो. म्हणून आपण पावसाळ्यात लोखंडी तव्याला तेलाचा हात फिरवून ठेवतो. गाडीचा रंग तेच काम करतो.

त्यात मीठ मिसळलं की गंज झपाट्याने वाढतो. समुद्राचा खारा वारा, मासळीच्या बर्फाचं झिरपणारं पाणी आणि चाकांखाली बसलेला ओला चिखल, हे तीन शत्रू किनाऱ्यावरच्या गाडीला रोज भेटतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून रंग पापडासारखा फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो. त्याच्यावर नवा रंग मारला तर वरून गाडी चकचकीत दिसते आणि आतलं खाणं चालूच राहतं. म्हणून आजच्या सगळ्या बोलण्याचं सार एकच, आधी गंज, मग रंग.

गाडी कशी तपासायची

यासाठी मेकॅनिकच हवा असं नाही. एक बॅटरी, एक लहान लोहचुंबक, एक स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घ्या. चुंबकाला फडकं गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत.

हौद्यातली रबरी मॅट उचला. तिच्याखाली पाणी साचतं, त्यामुळे तळाचा पत्रा बहुधा इथेच आधी कुजतो. मग फाळक्याच्या बिजागऱ्या, दारांची खालची कड, केबिनमध्ये पायाखालची मॅट, मडगार्डची आतली बाजू आणि बॅटरी ठेवतात ती जागा बघा. बॅटरीचं आम्ल सांडलं की तिथला पत्रा लवकर जातो.

चुंबक पत्र्यावरून फिरवत न्या. एखाद्या ठिकाणी तो धरत नसेल तर तिथे रंगाखाली जाड लांबी भरलेली असण्याची शक्यता आहे, म्हणजे आधी कुणीतरी भोक झाकलेलं असू शकतं. काही भाग प्लास्टिकचेही असतात, तिथे चुंबक धरत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाडीचं खालचं अंग. पुढून मागे जाणारी जी जाड लोखंडी चौकट सगळा भार पेलते, ती चॅसी. तिच्यावर हातोडीने हळू ठोका. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. फुटकं मडकं आपण आवाजावरून ओळखतो ना, तसंच. जिथे पाटे चॅसीला अडकवलेले असतात तिथे नीट बघा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबल्यावर आत जात असेल तर ती गाडी भार घेऊन चालवण्याच्या लायकीची नाही. ब्रेकच्या पातळ नळ्याही बघा. त्या गंजून खडबडीत झाल्या असतील तर जोरात ब्रेक दाबताना फुटू शकतात.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. जॅक सरकतो. चाकांना दगड लावा आणि गाडी मजबूत लोखंडी स्टँडवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या.

गंजाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी वरवरच्या गंजाची. घासला की खाली चकचकीत लोखंड दिसतं. हे काम घरी होतं.

दुसरी पायरी पापुद्र्यांची. पत्रा पातळ झालेला असतो, पण भोक पडलेलं नसतं. पूर्ण खरवडल्याशिवाय किती पत्रा उरला आहे ते कळत नाही.

तिसऱ्या पायरीवर भोक पडतं. इथे लांबी भरून चालत नाही. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा आणि नवा तुकडा वेल्डिंगने बसवायचा. दाराला किंवा मडगार्डला भोक असेल तर ते दिसण्यापुरतं दुखणं आहे. चॅसीला असेल तर जिवाशी गाठ आहे. ते काम चॅसीचं वेल्डिंग करणाऱ्या अनुभवी कारागिरालाच द्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडवा, जवळपास असेल तर डिझेलची टाकी काढून ठेवा, सीट बाहेर काढा आणि पाण्याची बादली, वाळू हाताशी ठेवा.

घरी करण्याचं काम

मुलगा आयटीआयला शिकतो, तर वरवरचा गंज काढायला तो नक्की हातभार लावेल. काम नोव्हेंबर ते मे या काळात काढा. पावसाळ्यात घासलेलं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं.

गाडी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज खरवडा. डाग दिसतो त्याच्या भोवती दोन बोटं जास्तच घासा, कारण रंगाखाली गंज पुढे सरकलेला असतो. खळग्यांत उरलेल्या गंजासाठी दुकानात गंज काढायचं द्रावण मिळतं. ते आम्लाचं असतं, म्हणून रबरी हातमोजे घाला आणि डब्यावरच्या सूचनेप्रमाणे वापरा. नंतर थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत प्रायमरचा हात द्या. उघडं लोखंड रात्रभर ठेवू नका. लांबी लागलीच तर प्रायमरवर, तीही पातळ. मग रंग.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजतात, रंगानेही बुजतात. काडीने मोकळी करा. एवढ्या छोट्या कामाने दाराचं आयुष्य वाढतं.

ग्राइंडर चालवताना डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. ओढणी, पदर, मोकळे केस, सैल बाही यांपैकी काहीही ग्राइंडरजवळ नको. जुन्या रंगाची धूळ विषारी असू शकते. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तिथे फिरकू देऊ नका.

गंज काढताना चॅसी नंबरवर ग्राइंडर फिरवायचा नाही. तो आकडा पुसला गेला तर पासिंगला मोठी अडचण होते. तिथे हाताने, हलकंच साफ करा. मुलाला गाडीचा रंगच बदलायचा असेल, तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. आहे तोच रंग ठेवणं सोपं.

पैसा कुठे आधी

मुलांना पहिल्यांदा टेप, रंग आणि काचेवरचं नाव हवं असतं. आपण क्रम उलटा धरायचा. आधी चॅसी, ब्रेक आणि स्टिअरिंग. मग टायर, दिवे, वायपर. मग हौद्याचा तळ. सगळ्यात शेवटी रंग. ब्रेकच्या नळ्या गंजल्या असतील तर बदला, त्यांना रंग मारून भागत नाही. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर ब्रेक ऑइलही नवं भरा, ते हवेतली ओल शोषून घेतं.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वय बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. उभ्या गाडीचं रबर उन्हाने तडकतं.

गॅरेजवाल्याकडून खर्च लेखी घ्या. वेल्डिंग वेगळं, ब्रेक वेगळे, रंग वेगळा. मग त्यात पासिंग, विमा आणि थकलेला कर मिळवा. मालगाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी करावं लागतं आणि पंधरा वर्षांनंतर त्याचं शुल्क बरंच वाढतं. ही सगळी बेरीज तशाच चालू गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होत असेल, तर मन घट्ट करा. घरधन्याची आठवण म्हणून कर्ज काढू नका. गाडी भंगारात द्यायची तर सरकारमान्य केंद्रात द्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी जाते, पण कागदावर मालक तुम्हीच राहता.

कागद आणि वय

मालक वारले असतील तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावे करण्याचा अर्ज द्यायचा, असा नियम आहे. त्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म असतो. मुदत उलटून गेली असेल तर रंगाचा डबा आणण्याआधी आरटीओत जाऊन या.

आता वय. चारचाकीचं लायसन्स १८ पूर्ण झाल्यावर मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण छोटा हत्ती ही मालवाहतुकीची गाडी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मालवाहतुकीची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायला २० वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे अठराव्या वर्षी लायसन्स मिळालं, तरी ही गाडी आणखी दोन वर्षं त्याच्या हातात द्यायची नाही.

अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर २०१९ साली कायद्यात आलेल्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. जो मुलगा गाडीवर पोट भरायचं म्हणतो, त्याचं पोटच आपण बांधून टाकतो. वर अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. गाडी ताईंच्या नावावर असेल तर ती वसुली ताईंच्या दारात येईल. "गावातल्या गावात चालवतो" या बोलण्याला इथे काही अर्थ उरत नाही.

मग वीस पूर्ण होईपर्यंत गाडी उभी ठेवायची का? नाही. मुलाने ती दुरुस्त करावी, तिचा नट न नट ओळखावा. अठराव्या वर्षी लायसन्स काढून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हात बसवावा. तोवर गाडी भरवशाच्या चालकाकडे द्या. किंवा मैत्रिणींनो, वीस पूर्ण झालेल्या तर आपण सगळ्याच आहोत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की साध्या हलक्या चारचाकीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी चालवता येते. छोटा हत्ती त्यात सहज बसतो. गटातल्या दोघी शिकल्या तर गटाचा माल बाजारात न्यायला कुणाची वाट बघावी लागणार नाही.

गंज परत येऊ नये म्हणून

मासळीची खेप झाली की त्याच दिवशी हौदा आणि गाडीचं खालचं अंग गोड्या पाण्याने धुवा. क्रेटखाली ट्रे ठेवा. आठवड्यातून एकदा मॅट उचलून हौद्याला ऊन दाखवा. खडी उडून रंगाचा टवका गेला तर लगेच प्रायमर लावा. चॅसीवर जळकं ऑइल फवारायची पद्धत सोडा. ते रबराचे भाग खराब करतं, ब्रेकवर गेलं तर ब्रेक लागत नाहीत, आणि पावसात धुऊन आपल्याच विहिरीकडे जातं. त्याऐवजी गाडीच्या तळाला लावायचं खास कोटिंग पावसाळ्याआधी करून घ्या, पण गंज पूर्ण काढल्यावरच.

पुढच्या बैठकीला तुमच्या गावात उभ्या असलेल्या गाडीचं आरसी बुक घेऊन या. गाडी कुणाच्या नावावर आहे, पासिंग आणि विमा कधी संपला, हे आपण एकत्र वाचू. कागद नीट निघाले की मग हातोडी आणि चुंबक घेऊन गाडीपाशी जाऊ. नमस्कार.