रानकुत्रे चितळाला मैलोन् मैल पळवतात का?

ताडोबाच्या आसपासच्या गावांत रानकुत्र्याबद्दल, म्हणजे कोळसुंद्याबद्दल, एक समजूत फार पक्की आहे. टोळी एकदा चितळामागे लागली की त्याला दिवसभर पळवते, दमवते आणि मग मारते. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात असा पाठलाग सहसा जमणारच नाही. वन्यजीव अभ्यासक ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७०च्या दशकात कर्नाटकातल्या बांदीपूरला या प्राण्याचा बारकाईने अभ्यास केला. तिथले बहुतेक पाठलाग अर्ध्या किलोमीटरच्या आत संपत होते.

याचं कारण झाडोऱ्यात आहे. सागाखाली बांबूची बेटं, पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत, मध्येच नाले. अशा जागी थोड्या अंतरावरचं जनावरही दिसत नाही आणि फाकलेली टोळी एकमेकांनाच हरवून बसते. म्हणून झुडपांत ती शेजारी-शेजारी रांग धरून पुढे सरकते आणि ज्याच्या पुढ्यात सावज उठेल तो पहिली झेप घेतो. रान फारच दाट असलं, तर काही जण आत शिरतात आणि बाकीचे कडेला दबा धरून बसतात. जुन्या शिकारीत हाका घालायचे, हुबेहूब तसंच. या दोन्ही पद्धती जॉनसिंग यांनी नोंदवल्या आहेत. पांगलेले कुत्रे शिट्टीसारख्या आवाजाने पुन्हा एकत्र येतात. दाट झाडीत डोळ्यांपेक्षा कानांवरच भिस्त जास्त.

मोकळ्यावर गणित बदलतं. ताडोबातून नवेगाव, जामणी ही गावं उठली आणि त्या जागी गवताची मैदानं झाली. तिथे चितळांचा कळप लांबून दिसतो, पण कुत्रेही त्यांना लांबूनच दिसतात. इथे टोळीला पसरून धावता येतं; पुढचा दमला की मागचा त्याची जागा घेतो. तलाव जवळ असेल तर सावज पाण्यात घुसतं आणि तिथे अडकतं. माणसाने पक्ष्यांच्या शिकारीसाठी तयार केलेल्या पॉइंटर, सेटर या कुत्र्यांच्या जातींतही हेच दिसतं: उघड्या माळावर ते दूरवर फिरतात, दाटीत मालकाजवळ राहतात. फरक एवढाच, की रानकुत्र्याला हे शिकवणारा मालक नसतो. जागा पाहून पद्धत बदलण्याची ही जाण मला या प्राण्याची सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते आणि ‘नुसती धावणारी झुंड’ म्हणून त्याची बोळवण करणं अन्यायाचं वाटतं.

दुसरी समजूत लघवीची. कोळसुंदे झुडपांवर मुततात, त्याने सावजाचे डोळे जातात, असं म्हणतात. याला आधार नाही. वाटांच्या फाट्यांवर टोळी मलमूत्र टाकते ते वासाने खूण ठेवण्यासाठी.

क्रूरपणाचा आरोपही जुना आहे आणि त्याची किंमत या प्राण्याने मोजली आहे. इंग्रज अमदानीत त्याला मारल्याबद्दल बक्षीस मिळे. रानकुत्रा साधारण १२ ते २० किलोचा. वाघासारखा गळा धरून सांबर गुदमरवणं त्याच्या जबड्याच्या आवाक्यातलं नाही, म्हणून अनेक जण मिळून पोट, मागचे पाय धरतात. बघवत नाही, हे खरं. पण पोट भरायची त्याची ही एकच रीत आहे. माणसावर तो चालून येतो ही भीतीही निराधार आहे.

सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज म्हणजे रानकुत्रा हा रानात गेलेला गावकुत्रा. तो वेगळ्याच प्रजातीचा, कुओन या वंशातला आहे. खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला त्याला दोनच दाढा असतात, गावकुत्र्याला तीन. जगभरात प्रौढ, प्रजननक्षम रानकुत्रे फार तर दोन हजारांच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे. उलट गावातले मोकाट कुत्रे डिस्टेंपर आणि रेबीज रानात नेतात, शेळ्याही मारतात आणि नाव कोळसुंद्याचं होतं. दोघांतला फरक ओळखायचा तर पाहायचं ते शेपूट आणि कान: शेपूट झुपकेदार, टोकाकडे काळी, कान गोलसर, उभे, अंग तांबूस. शेपूट वर वळलेली असेल तर तो गावातलाच कुत्रा.