जुने चारचाकी वाहन घेताना

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात नोव्हेंबरातील हरणांच्या शिकारीस व पुढे गोठलेल्या तळ्यांवरील मासेमारीस अनेकजण एकच लहान चारचाकी वाहन वापरतात. ते जुने घेताना रंगावर भुलू नये. प्रथम इंजिनातील तेल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास आत बहुधा पाणी शिरले आहे असे समजावे. आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरासही हीच कसोटी लागू आहे. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे; काही विक्रेते ते आधीच तापवून ठेवतात, ही लबाडी सर्वत्र सारखीच! चाक हातांनी हलवून खडखडल्यास बेअरिंग झिजलेले असण्याचा संभव असतो.

वाहन उत्तम असले तरी बर्फ फुटल्यास जीव जातो. स्वच्छ, नवा बर्फ ५ ते ७ इंच जाड हवा. पांढरा असल्यास दुप्पट. जाडी जागोजागी भोक पाडून मोजावी, कारण झऱ्याजवळ तो पातळ राहतो.